ग्वाटेमालाला जाऊ का? नवव्या दिवशी तिथे कोण असेल, ते आधी विचारा

वाचक लिहितात:

मी मूळची सांगलीची, लग्नानंतर ओहायोत आले. इथल्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. जवळच्या ख्रिस्ती विद्यापीठातले फार्मसीचे आणि नर्सिंगचे विद्यार्थी आमच्याकडे प्रशिक्षणाला येतात. त्यांची एक टीम दर जूनमध्ये आठ दिवस ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात मेडिकल मिशनला, म्हणजे चर्चच्या वाटेने गावोगावी मोफत उपचार करायला जाते. यंदा त्यांच्या नेहमीच्या फार्मासिस्टला जमत नाहीये, म्हणून तिथल्या प्राध्यापिकेने मला विचारलं. अठरा विद्यार्थी, दोन डॉक्टर, एक डेंटिस्ट आणि औषधांचं टेबल माझ्याकडे. खर्च माणशी २४०० डॉलर, ज्याचा त्याने करायचा.

मला मनापासून जावंसं वाटतंय. पण आम्ही हिंदू आणि तिथे रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना असते म्हणे. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, ‘बाटवाबाटवीच्या कामात तू कशाला पडतेस?’ नवरा म्हणतो, त्यापेक्षा तेवढे पैसे तिथल्या दवाखान्याला पाठवून दे. आणि अजून एक. मागच्या वर्षी जाऊन आलेला नर्सिंगचा एक मुलगा मोठ्या उत्साहाने सांगत होता, ‘तिथे मला टाके घालायला मिळाले.’ इथे तो टाके घालू शकत नाही. तेव्हापासून मन थोडं खट्टू झालंय. काय करू?

— एक वाचक, ओहायो

उत्तर:

टाक्यांची गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी ‘अजून एक’ म्हणून लिहिलीत. मला तीच पहिली वाटते. प्रार्थना, सासूबाई, पैसे या सगळ्यांकडे येते, पण तुम्ही जावं की नाही याचा निकाल त्या मुलाच्या टाक्यांवर लागणार आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते: जा, पण दोन गोष्टी पक्क्या करून मगच तिकीट काढा. तुम्ही ज्या गावात जाताय तिथल्या दवाखान्याचं किंवा आरोग्य कार्यकर्त्यांचं बोलावणं असलं पाहिजे आणि तुम्ही परतल्यावर तुमचे रुग्ण त्यांनी बघायचे हे ठरलेलं असलं पाहिजे. आणि टीममधल्या कुठल्याही विद्यार्थ्याला ‘हे तू करायचं नाहीस’ असं सांगायचा अधिकार तुम्हाला आहे, हे निघण्याआधी सगळ्यांसमोर बोललं गेलं पाहिजे. यातलं एकही जमत नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. आठ दिवसांची रजा कुठेही सत्कारणी लावता येते.

आता असं का म्हणते ते सांगते. अशा ट्रिपमधला दिवस साधारण सारखाच असतो. गावातल्या शाळेत नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात. तुमची गाडी पोचते तेव्हा रांग आधीच लागलेली असते, काही जण दोन-तीन तास चालत आलेले असतात. नाव लिहायचं, रक्तदाब आणि ताप बघायचा, मग डॉक्टर, बऱ्याच टीममध्ये त्यानंतर एक प्रार्थनेचं टेबल, आणि सगळ्यात शेवटी औषधं. म्हणजे तुम्ही. आधीच्या टेबलांवर जे जे घाईत झालं, ऐकण्यात चुकलं, ते सगळं एका चिठ्ठीवर तुमच्यापुढे येतं आणि तुमच्या हातून पिशवीत भरून घरी जातं.

भाषेचंच बघा. ग्वाटेमालाची राजभाषा स्पॅनिश, पण देशात मूळ रहिवासी माया लोकांच्या बावीस भाषा आहेत. डोंगरातल्या आजीबाई किचे, काक्चिकेल किंवा माम बोलतात, त्यांना स्पॅनिश जेमतेम कळतं. विद्यार्थी इंग्रजीत विचारणार, कुणीतरी ते स्पॅनिशमध्ये सांगणार, गावातली शाळकरी मुलगी ते काक्चिकेलमध्ये सांगणार, आणि उत्तर तसंच उलट्या वाटेने येणार. ‘समजलं का?’ असं विचारलं की आजी मान डोलावणार. परक्या माणसाला नाही कसं म्हणायचं? म्हणून ‘समजलं का’ हा प्रश्नच टाका. गोळीची पिशवी त्यांच्या हातात द्या आणि ‘घरी गेल्यावर कशी घेणार, दाखवा’ म्हणा. पिशवीवर सूर्य आणि चंद्राची चित्रं असलेली चिठ्ठी चिकटवा, सूर्याखाली एक गोळी, चंद्राखाली एक. मुलांचं अँटिबायोटिक सिरप असेल तर बाटलीत नुसती पावडर देऊन पाठवू नका. घरात उकळलेलं पाणी असेलच असं नाही आणि रेषेपर्यंत म्हणजे किती हे नुसतं सांगून कळत नाही. टेबलावरच स्वच्छ पाण्यात कालवा, सिरिंजवर मार्करने खूण करा, पहिला डोस आईच्या हातून तिथेच पाजा. आणि जे सिरप फ्रिजशिवाय टिकत नाही, ते त्या गावात नेऊच नका. हे तुम्हाला मी शिकवायला नको. पण दुपारी तीन वाजता, रांगेत साठ माणसं उरलेली असताना, गाडीचा ड्रायव्हर घड्याळ दाखवत असताना, हे सगळं गळून पडतं. तेव्हा रांग थांबवायला टीममध्ये एक खमकी बाई लागते.

आता रक्तदाब. समजा पंचावन्न वर्षांची बाई, १७० वर १०० निघालं. डोंगर चढून आलीय, उन्हात उभी होती, समोर अनोळखी परदेशी माणसं. एका मोजणीवर निदान होत नाही, हे तुमचे विद्यार्थी परीक्षेत बिनचूक लिहितात. पण तिथे हात शिवशिवतात आणि महिनाभराच्या गोळ्या दिल्या जातात. एकतिसाव्या दिवशी काय? गोळ्या संपल्या, रक्तदाब पुन्हा तेवढाच आणि बाईची समजूत अशी की आपण अमेरिकन औषध घेतलं, आता बरे झालो. लिसिनोप्रिलसारखी गोळी तर मूत्रपिंडाची तपासणी केल्याशिवाय आणि तरुण बाई असेल तर ती गरोदर नाही याची खात्री करून घेतल्याशिवाय द्यायचीच नाही. तुम्ही ओहायोत अशी चिठ्ठी आली असती तर डॉक्टरला फोन केला असता. तिथे डॉक्टर दहा फुटांवर बसलेला असेल, उठून जा.

म्हणून तुमचा प्राध्यापिकेला पहिला प्रश्न हा असू द्या: ‘आपण नवव्या दिवशी विमानात बसलो की या बाईने कुणाकडे जायचं?’ उत्तरात माणसाचं नाव आलं पाहिजे. ग्वाटेमालात सरकारी आरोग्य चौक्या आहेत, ‘पुएस्तो दे सालुद’ म्हणतात. गावोगावी ‘कोमाद्रोना’ म्हणजे सुइणी आहेत आणि बऱ्याच ठिकाणी प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते आहेत. तुमची टीम यांतल्या कुणाबरोबर काम करते? रुग्णाची नोंद त्यांच्याकडे राहते की तुमच्या प्राध्यापिकेच्या लॅपटॉपमध्ये ओहायोला जाते? ‘आम्ही दर वर्षी वेगळ्या गावात जातो, म्हणजे जास्त लोकांना लाभ होतो’ असं उत्तर आलं तर माझ्या मते तिथेच विषय संपला. ‘यंदा नऊशे रुग्ण पाहिले’ या आकड्यावरही फार भाळू नका. व्हिटॅमिनच्या पिशव्या वाटल्या की नऊशे सहज होतात.

इथे मला तुम्हाला एक जोडणी दाखवायची आहे, आणि ती तुमच्या सासूबाईंनाही ऐकवा. ग्वाटेमालात चिमाल्तेनांगो नावाचं गाव आहे. कॅरोल बेरहोर्स्ट नावाचा एक अमेरिकन डॉक्टर ल्युथरन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनच्या वाटेने त्या देशात आला आणि १९६०च्या दशकात चिमाल्तेनांगोत दवाखाना थाटून बसला. बसला म्हणजे खरंच बसला, आठ दिवसांत परतला नाही. रुग्ण बरे होऊन जात आणि त्याच आजाराने पुन्हा येत. त्यातून तो शिकला आणि काक्चिकेल गावकऱ्यांनाच आरोग्य कार्यकर्ते म्हणून तयार करायला लागला. लोकांच्या आरोग्यासाठी काय काय करायला हवं याची त्याने उतरत्या क्रमाने यादी केली होती. पहिल्या नंबरवर सामाजिक आणि आर्थिक अन्याय, दुसऱ्यावर जमिनीची मालकी, मग शेती, लोकसंख्या, कुपोषण, आरोग्याचं शिक्षण, आणि सातव्या, अगदी शेवटच्या नंबरवर औषधोपचार. डॉक्टर माणसाने स्वतःचा धंदा शेवटी ठेवला!

त्याच सुमारास, १९७० साली, रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य आपल्या जामखेडला येऊन राहिलं. दोघे श्रद्धाळू ख्रिस्ती, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. दुष्काळी तालुका. त्यांनीही तेच केलं: गावातल्या, बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा निवडक प्रयोगांवर एक पुस्तक काढलं, त्यात चिमाल्तेनांगो आणि जामखेड ही दोन्ही नावं आहेत. पुढे १९७८च्या अल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जो विचार जगाने मान्य केला, त्याच्या मुळाशी असे प्रयोग होते. आरोळ्यांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि गंमत बघा, जामखेडलाही परदेशी विद्यार्थी येतात, पण ते टाके घालायला येत नाहीत. नऊवारीतल्या आरोग्यसेविका त्यांना शिकवतात आणि ते वही घेऊन बसतात. तुमच्या टीमला ग्वाटेमालात असं अर्धा दिवस तरी बसवता येईल का, हे प्राध्यापिकेला विचारा. कोमाद्रोनांच्या समोर अठरा मुलं-मुली गप्प बसलेली मला बघायला आवडेल.

आता टाके.

अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०११ साली परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा गाभा साधा आहे: जे करायचं शिक्षण आणि परवानगी तुम्हाला घरी नाही, ते तिथे जाऊन करायचं नाही. रुग्ण गरीब आहे आणि दुसरं कुणी नाही म्हणून हा नियम सैल होत नाही. उलट घट्ट होतो, कारण जखम चिघळली तर टाके घालणाऱ्या मुलाला ते कधी कळणारही नाही. त्या विद्यार्थ्याला मी वाईट म्हणत नाही. वीस-एकवीस वर्षांचं पोर, कुणीतरी हातात सुई दिली, त्याला वाटलं आपल्यावर विश्वास टाकला. दोष सुई देणाऱ्याचा. पण हीच वाट पुढे कुठे जाते तेही माहीत असावं. युगांडात जिंजा शहरात वैद्यकीय शिक्षण नसलेल्या एका अमेरिकन मिशनरी तरुणीने कुपोषित मुलांसाठी केंद्र चालवलं. काही वर्षांत तिथे दाखल झालेली शंभराहून जास्त मुलं दगावली. २०१९ साली दोन आयांनी तिला कोर्टात खेचलं आणि पुढच्या वर्षी जबाबदारी मान्य न करता तडजोड झाली. तिचा हेतू वाईट होता असं म्हणता येत नाही, आणि म्हणूनच ते प्रकरण लक्षात ठेवायचं.

ग्वाटेमालात तर पांढऱ्या कोटाचा इतिहासच वेगळा आहे. १९४६ ते १९४८ या काळात अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्यातल्या डॉक्टरांनी तिथल्या सैनिकांना, कैद्यांना, मनोरुग्णालयातल्या रुग्णांना, त्यांना न सांगता, गरमी-परम्याच्या जंतूंचा मुद्दाम संसर्ग घडवला. प्रयोग म्हणून. हे उघडकीला आलं आणि २०१० साली अमेरिकेने अधिकृत माफी मागितली. त्यानंतर १९६० ते १९९६ असं छत्तीस वर्षांचं गृहयुद्ध, दोन लाखांहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, त्यांत बहुसंख्य माया. एखादी म्हातारी नाव-पत्ता सांगायला का कू करायला लागली तर विद्यार्थ्यांनी तोंड वाकडं करण्याआधी हे त्यांना ठाऊक असायला हवं. विमानात बसण्यापूर्वी दोन संध्याकाळी यावर बोला. मिशन ट्रिपच्या तयारीत टी-शर्टचा रंग ठरवायला जेवढा वेळ जातो त्यातला थोडा इकडे वळवला तरी भागेल.

तर तुम्ही अठरा जणांना आधीच सांगून ठेवा: रक्तदाब, ताप, वजन घेणं, औषधं मोजणं, पिशव्या भरणं, मुलांना हात धुवायला शिकवणं, हे सगळं करा आणि नीट करा. इंजेक्शन, टाके, दात काढणं, बायकांची अंतर्गत तपासणी, कुणी कितीही आग्रह केला तरी नाही. शिकणाऱ्याने शिकणारा म्हणूनच ओळख द्यायची, ‘दोक्तोर’ म्हणून हाक आली तर दुरुस्त करायची. आणि मुलांचे फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत. ओहायोच्या वॉर्डातल्या रुग्णाचा फोटो टाकला तर नोकरी जाईल, तिथल्या रुग्णालाही तोच मान.

औषधांची खरेदी ही तुमच्या हातातली बाब, म्हणून त्यावर थोडं थांबते. शेजारच्या दवाखान्यातून उरलेली सॅम्पलं, लोकांच्या घरचे अर्धे डबे गोळा करायची पद्धत अजून सर्रास चालते. जागतिक आरोग्य संघटनेची औषधदानाची नियमावली १९९६ पासून आहे. त्यानुसार रुग्णाकडून परत आलेली औषधं आणि फुकट सॅम्पलं द्यायची नाहीत, औषध त्या देशात पोचल्यावर त्याची निदान वर्षभराची मुदत उरलेली हवी, लेबल तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना कळेल अशा भाषेत हवं. सगळ्यात चांगलं म्हणजे औषधं ग्वाटेमालातच विकत घ्या. लेबल आपोआप स्पॅनिशमध्ये, बाईला पुढच्या महिन्यात तीच गोळी त्याच नावाने दुकानात मिळते, दोन पैसे तिथल्या दुकानदाराला जातात, आणि बॅगा भरून औषधं नेताना कस्टमशी हुज्जत नाही. न्यायचीच असतील तर तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी कुणी काढलीय, कागद दाखवा म्हणा. डॉक्टर आणि डेंटिस्टच्या तात्पुरत्या परवान्याचंही तेच. जंताची गोळी सगळ्यांना वाटायची असं ठरत असेल तर आरोग्य चौकीला आधी विचारा, गेल्याच महिन्यात शाळेत दिली गेली असेल. अल्बेंडाझोल असेल तर एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, वर्षाखालच्या बाळाला नाही, आणि गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत नाही.

एका बाबतीत तुमची नजर टीममध्ये सगळ्यात तीक्ष्ण ठरेल. खोकला, डोळे चुरचुरणं, डोकेदुखी अशा तक्रारी घेऊन बायका येतील. ओहायोतल्या मुलांना ॲलर्जी आठवेल. तुम्ही त्यांचं घर बघा. तीन दगडांची चूल, धुराडं नाही, पाठीला बांधलेलं मूल आणि हातांवर थापल्या जाणाऱ्या मक्याच्या तोर्तिया. भाकरी थापणाऱ्या बाईच्या घरात वाढलेल्या माणसाला त्या खोकल्याचं कारण वासावरूनच कळतं. अशा वेळी सिरपची बाटली देण्यापेक्षा धुराड्याच्या चुली बसवून देणारं कुणी त्या भागात काम करतंय का, हे तिथल्या कार्यकर्त्याला विचारलेलं बरं. त्या देशात पाच वर्षांखालची जवळजवळ निम्मी मुलं दीर्घकालीन कुपोषणाने खुरटलेली आहेत. महिनाभराच्या व्हिटॅमिनने त्यांची उंची वाढणार नाही, हे विद्यार्थ्यांनी तिथे उभं राहून समजून घेतलं तर ट्रिपचे निम्मे पैसे वसूल.

प्रार्थनेबद्दल. तुम्ही हिंदू आहात हे प्राध्यापिकेला माहीत असूनही तिने विचारलं, तर तिला तुमचं काम हवंय असं मी धरून चालते. पण तोंडी भरवशावर राहू नका. काही संस्था सगळ्या सदस्यांकडून श्रद्धेच्या निवेदनावर सही घेतात. तसा कागद असेल तर आधी मागवा आणि वाचा. जे मानत नाही त्यावर सही करू नका. त्या सहीने तुमचंही भलं नाही आणि त्यांच्या श्रद्धेचाही अपमान. तसा कागद नसेल तर सकाळी त्यांची प्रार्थना चालू असताना शांत बसायला काय हरकत आहे? सत्यनारायणाला शेजारचा ख्रिस्ती मित्र येऊन बसतो, प्रसाद घेतो, तो काही बाटत नाही. बरीच मुलं त्या प्रार्थनेच्या बळावरच दिवसभर उभी राहतात, ते जवळून बघायला मिळेल.

रुग्णाच्या बाबतीत मात्र ताणून धरा. डॉक्टर आणि औषधं यांच्या मध्ये प्रार्थनेचं टेबल असेल तर ते तिथून हलवायला सांगा. औषध हातात पडल्यानंतर, बाजूला, ज्याला हवं त्याने थांबावं. गोळीसाठी रांगेत असलेला माणूस प्रार्थनेला नाही म्हणू शकत नाही, मग त्याच्या ‘हो’ला काय अर्थ? हा माझा हिंदू किंवा निधर्मी हट्ट नाही. रेड क्रॉस आणि मदतसंस्थांनी १९९४ साली आपत्तीतल्या मदतकार्यासाठी जी आचारसंहिता केली, तिच्यातच लिहिलंय की मदतीचा वापर राजकीय किंवा धार्मिक भूमिका पुढे रेटायला करायचा नाही, आणि तिच्यावर कितीतरी ख्रिस्ती संस्थांच्या सह्या आहेत. प्राध्यापिकेला हे पटेल. न पटलं तर तेही निघण्याआधी कळलेलं बरं.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना वाटतं ते हवेतून आलेलं नाही, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललेला तो विषय आहे. फक्त एवढं सांगा की ग्वाटेमालातली बहुसंख्य माणसं आधीपासूनच ख्रिस्ती आहेत, कॅथलिक किंवा इव्हँजेलिकल. तिथे ओढाताण असते ती या दोन पंथांत, आणि मेणबत्त्या-धूप लावून डोंगरावर पूजा करणाऱ्या जुन्या माया श्रद्धेशी. त्या धुपाला कुणी विद्यार्थी हसला तर सगळ्यात आधी तुम्हीच त्याला गप्प करणार आहात, हेही सासूबाईंना सांगा, त्यांना बरं वाटेल. आणि त्याही सांगलीकडच्याच असतील तर मिरजेचं मिशन हॉस्पिटल त्यांना मी काय सांगावं? विल्यम वॉन्लेस नावाच्या कॅनेडियन मिशनरी सर्जनने १८९४ साली ते सुरू केलं आणि तीसहून अधिक वर्षं मिरजेत काढली. त्या आवारात जन्मलेलं किंवा ऑपरेशन झालेलं कुणी ना कुणी त्यांच्याही नात्यात निघेल. त्या बोलत्या झाल्या की ऐका, तुमचा मुद्दा मांडायची गरज पडणार नाही.

नवऱ्याचं म्हणणं हिशेबाला चूक नाही. बावीस माणसांचे प्रत्येकी २४०० म्हणजे पन्नास हजार डॉलरच्या घरात रक्कम जाते, आणि त्यातला मोठा वाटा विमान कंपनीला. तेवढ्यात तिथली नर्स बराच काळ पगारावर राहील. पण घरोघरी असं म्हटलं जातं आणि शेवटी पैसेही जात नाहीत, माणूसही जात नाही. तुम्ही त्यांना विचारा, मी गेले नाही तर हे २४०० खरंच पाठवायचे का? ‘हो’ म्हणाले तर पाठवा आणि घरी राहा, मी टाळ्या वाजवीन. हात मागे घेतला तर जा, आणि वर काहीशे डॉलर त्या दवाखान्याच्या नावाने द्या, औषधांच्या पुढच्या वर्षीच्या साठ्यासाठी म्हणून. माणशी फीमधला किती भाग गावात राहतो हेही प्राध्यापिकेला विचारायला लाजू नका.

बाकी तयारीचं तुम्हाला कळतंच. हिपॅटायटिस ए आणि टायफॉइडच्या लसी महिनाभर आधी. जून म्हणजे तिथे भर पावसाळा, दुपारनंतर कोसळतो आणि डोंगरातले रस्ते खचतात, तेव्हा क्लिनिक लवकर आटपायचं. कुणाला सुई टोचली तर एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध जितक्या लवकर तितकं बरं आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावंच लागतं, म्हणून त्याचा एक संच तुमच्याच बॅगेत असू द्या आणि जवळचं मोठं हॉस्पिटल कुठलं ते कागदावर लिहून ठेवा. अडचणीत विमानाने हलवायचा विमा टीमने काढलाय का, बघा.

प्राध्यापिकेला या आठवड्यातच मेल करा. नवव्या दिवसाचा माणूस, विद्यार्थ्यांना नाही म्हणायचा अधिकार, प्रार्थनेच्या टेबलाची जागा, तीनच प्रश्न, सरळ भाषेत. उत्तर गोलमाल आलं तर पत्राची वाट बघते. सरळ आलं तर आजपासून स्पॅनिशचे एक ते तीस आकडे आणि ‘सकाळी’, ‘रात्री’, ‘जेवल्यावर’ एवढं तोंडपाठ करायला घ्या. आणि तुमचा सावळा रंग बघून तिथली माणसं तुमच्याशीच आधी भराभर स्पॅनिश बोलायला लागतील, त्याची तयारी ठेवा.